साडूभाऊंचे ब्रेक पॅड

चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन्ही जिल्हे पालथे घातले तरी गाडी पळवण्यापेक्षा ती थांबवण्याचा इतका विचार करणारा माणूस माझ्या साडूभाऊंखेरीज दुसरा सापडणार नाही. लोक गाडी घेताना रंग विचारतात, पेट्रोल किती खाते ते विचारतात. साडूभाऊ शोरूममध्ये पुढच्या चाकाशी उकिडवे बसले आणि आतली ब्रेकची तबकडी केवढी आहे ते टेप लावून पाहिल्याशिवाय उठले नाहीत. टेप त्यांच्या खिशात कायम असतो, कारण ते भूकरमापक आहेत. लोकांची शेतं मोजणं हा त्यांचा व्यवसाय, आणि उरलेलं जग मोजणं हा स्वभाव. माझ्या घराची वास्तुशांत चालू असताना त्यांनी भिंतीला टेप लावला आणि हॉल नकाशापेक्षा चार इंच कमी भरल्याचं भटजींसमक्ष जाहीर केलं. त्या चार इंचांमुळे मी आजही हॉलमध्ये थोडा आखडून बसतो.

अशा माणसाला वेगाची हौस असावी, ही निसर्गाची गंमतच. तेलंगणात एका शहराबाहेर खासगी ट्रॅक आहे. तिथे वर्षातून एक-दोन रविवार कोणीही नाव नोंदवून आपली रोजची गाडी पळवू शकतो. साडूभाऊ आदल्या दिवशी निघतात आणि भाजी आणायची छोटी गाडी तिथे वीस-वीस मिनिटं फिरवून परत येतात. मी एकदा बरोबर गेलो होतो. तिथली मंडळी हेल्मेट आणि हातमोजे घालून अशा गंभीर चेहऱ्याने वावरत होती, की चंद्रावरून कोणाला तरी परत आणायची जबाबदारी त्यांच्यावर टाकली असावी. साडूभाऊ त्यांच्यात शाळेच्या स्नेहसंमेलनात चुकून शिरलेल्या पालकासारखे दिसत होते.

गेल्या खेपेला मात्र चौथ्या फेरीत त्यांच्या चाकातून धूर निघाला आणि ब्रेकवरचा पाय खाली खाली जाऊ लागला. तेव्हापासून त्यांची झोप उडाली. प्रश्न असा होता, की कंपनीचे ब्रेक पॅड, म्हणजे ती तबकडी दाबून धरणाऱ्या पट्ट्या, रस्त्यावर चांगले, पण ट्रॅकवर फार तापले की पकडच सोडतात. ट्रॅकचे पॅड कितीही तापले तरी धरून ठेवतात, पण थंड असताना त्यांना धरायची इच्छाच होत नाही. दोन्हीकडे थोडे थोडे चालणारे तिसरे पॅडही मिळतात, म्हणजे दोन्हीकडे तक्रारीला जागा ठेवणारे. अख्खी दिवाळी साडूभाऊ याच विषयावर बोलले. मोबाइलवरच्या एका ग्रुपात त्यांनी सल्ला मागितला, तर तिथल्या जाणकारांनी न्यायालयाच्या निकालासारखे लांबलचक मजकूर लिहिले. कोणी ट्रॅकची वळणं विचारली, कोणी गाडीचं वजन विचारलं. तुमच्या रोजच्या रस्त्यावर आडवं काय येतं, हे एकानेही विचारलं नाही.

आमचा रोजचा रस्ता चंद्रपूर ते पोंभुर्णा. साडूभाऊंची कचेरी तिकडे, माझं कॉलेज तिकडे, आणि त्यांची बायको, म्हणजे माझी मेहुणी, तिथल्याच शाळेत शिकवते. तिघं एकाच गाडीने जातो. निम्मा रस्ता जंगलातून आहे. चितळ येतात, डुकरं येतात, घोड्याएवढी रोही, म्हणजे नीलगाय, येते, आणि ज्याचं नाव सकाळी घेत नाहीत तोही कधी येतो. इथे गाडी चालवणाऱ्याचा उजवा पाय जंगलभर ब्रेकच्या वर अधांतरी असतो. साडूभाऊंचा तर घरी जेवतानाही असतो.

मिस्त्रीने सरळ सांगितलं होतं, दोन जोड ठेवा, जायच्या आधी ते घाला, आल्यावर हे घाला. पण इतका सोपा सल्ला साडूभाऊंना पचत नाही. नवे पॅड पायाला ओळखीचे व्हायला हवेत, म्हणून त्यांनी ट्रॅकचे पॅड पंधरा दिवस आधीच बसवून घेतले. मग त्यांची चाचणी. वाटेत वाघोबाचा ओटा आहे. तिथे प्रत्येक गाडी हळू होते, हॉर्न वाजवते, हात जोडते आणि पुढे जाते. सगळेच हळू होतात तिथे आपण ब्रेक मारला तर कोणाला वावगं वाटणार नाही, असा साडूभाऊंचा हिशेब. त्यांनी एका सागापाशी ब्रेक दाबायचा आणि मी उतरून टेपचं टोक धरायचं. पहिल्यांदा गाडी जिथे थांबली, त्याच्या कितीतरी अलीकडे ती पाचव्यांदा थांबली. साडूभाऊ ते आकडे वहीत लिहीत असताना एक गुराखी जवळ आला आणि रस्ता रुंद होऊन राह्यला का, माझं वावर जाते का, असं काळजीने विचारू लागला. त्याला ब्रेक पॅड समजावून सांगितल्यावर तो आणखी काळजीत पडला.

त्यातून निघालेला तोडगा असा, की जंगल लागण्यापूर्वी मोकळ्या रस्त्यावर दहा वेळा ब्रेक मारून पॅड तापवून घ्यायचे. मागचे मोटारसायकलवाले काय म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही. माझ्या पोटातले पोहे रोज दहा वेळा पुढे येऊन मागे जात. त्या आठवड्यात मेहुणी मात्र गाडीत नव्हती. शाळेत लवकर बोलावत असतील, असं मी धरून चाललो.

सातव्या दिवशी दाट धुकं होतं. पॅड तापवून झाले होते, पण गारठा असा, की पुढच्या मैलाभरात ते पुन्हा निवाले असावेत. डावीकडून रोही निघाली आणि रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. साडूभाऊंनी ब्रेक दाबला. गाडीने तो ऐकला, पण आधी थोडा विचार केला. आम्ही थांबलो तेव्हा रोहीच्या नाकातली वाफ आमच्या काचेवर धरत होती. तिने आमच्याकडे पाहिलं, आम्हाला फारसं महत्त्व दिलं नाही, आणि ती निघून गेली. काहीतरी बोलावं म्हणून मी मेहुणीचं विचारलं.

"तिले बसनं धाडून राह्यलो," ते पुढेच बघत म्हणाले. "या पॅडचं काही सांगता येत नाई न, भाऊ."

"अन् मले?"

त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला. "तुम्ही मोठे आहात. समजून घ्याल."

मी समजून घेतलं, पण घरी जाऊन बायकोला सांगितलं. बायकोने बहिणीला सांगितलं. रविवारी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा अंगणात गाडी उभी होती आणि मेहुणी दारात. ती ओरडली नाही. शाळेत शिकवणाऱ्या बायका खरोखर रागावल्या की आवाज खाली आणतात.

"मले बसमधी बसवता अन् तुम्ही त्या गाडीत बसता," ती म्हणाली. "तुम्हाले काही झालं त मी कोणाले इचारू?"

साडूभाऊ आत गेले आणि जॅक घेऊन आले. दुपारभर नवरा-बायकोने मिळून जुने पॅड पुन्हा बसवले. ती ताटलीत बोल्ट काढले त्या क्रमाने मांडत होती आणि मागितला की हातात देत होती. मी बाजेवर बसून चहा पीत होतो. शेवटी न राहवून विचारलं, की साडूभाऊ, इतका जीव खाली-वर होतो तर त्या ट्रॅकवर जाताच काऊन?

त्यांनी पाना खाली ठेवला. हात पुसत बसले.

"तिथी समोर कोणी येत नाई, भाऊ," ते म्हणाले. "ना ढोर, ना लेकरू. वर्षातून तेवढी वीस-वीस मिनिटं मले भेव नाई वाटत."

मी इतकी वर्षं त्यांच्या हौसेवर विनोद करत आलो आहे. या वेळी मी उठून त्यांचा पाना पुसून ठेवला. मेहुणीने ताटली उचलली, ट्रॅकचे पॅड जुन्या साडीच्या फडक्यात गुंडाळले आणि पुढच्या रविवारी ट्रॅकवर लागतील म्हणून आत नेऊन ठेवले.

साडूभाऊंना गाडी एकदा फिरवून बघायची होती. आधी एकटा जाऊन येतो, असं ते म्हणेपर्यंत मेहुणी शेजारच्या सीटवर बसून पट्टाही लावून मोकळी झाली होती. गाडी निघाली. दुपार सरत आली होती, गल्लीत कुत्रंसुद्धा नव्हतं. तरी वळणापर्यंत मागचे लाल दिवे तीनदा लागले.