सातव्या झेंड्यापुढचा उंचवटा

आमच्या ह्यांना सगळे 'डोझरवाले' म्हणतात. आर्किटेक्ट कागदावर रेघ मारतो, हे डोझर चालवून त्या रेघेचं टेकाड करतात. गोल्फची कितीतरी मैदानं ह्यांच्या हातून घडली, पण खेळले एकावरही नाहीत. गवत रुजलं की सभासद आत, आपण फाटकाबाहेर. तरी घरी आरशासमोर उभं राहून हवेत काठी फिरवायचे. मी म्हणायची, "अहो, आधी पायाची माती पुसा, मग साहेब व्हा!"

ह्या धंद्यात एक रीत आहे. मैदान सभासदांच्या हवाली करण्याआधी एक दिवस ते घडवणारी माणसं खेळतात. आधीच्या मैदानांवर कुणी ती पाळली नाही, ह्या मालकांनी पाळायची ठरवली. आणि क्लब असा, की सभासद व्हायला श्रीमंतांनाही वर्षानुवर्षं ताटकळावं लागतं. ह्यांचे पाय जमिनीवर नव्हते. सदऱ्याला इस्त्रीसुद्धा माझ्या हातून चालली नाही.

मी तिथेच गवताच्या टोळीत कामाला. ह्यांच्या खेळाच्या सकाळी सातव्या झेंड्याच्या हिरवळीवर गुडघे टेकून, चेंडू पडतो त्या भोकाची कड कात्रीने साफ करत होते. काहीतरी सूं करत कानाजवळून गेलं आणि शेजारी धप्पकन आपटलं. मी ताडकन उठून बाजूला पळाले. बघते तर चेंडू! तो उचलून मी समोरचा उंचवटा चढले.

पलीकडे आमचे हे दोन्ही हात वर करून हसत होते. मालक आणि आर्किटेक्ट साहेब टाळ्या वाजवत होते. मग ह्यांना मी दिसले, माझ्या हातातला चेंडू दिसला.

"तू... तिथे होतीस?"

"मग काय माहेरी गेले होते?" मी फटकन बोलले.

ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. हा उंचवटा ह्यांनी नकाशापेक्षा उंच केला होता, शोभेसाठी. डोझरच्या सीटवरून पलीकडचं सगळं दिसायचं. आर्किटेक्ट साहेबांनीही डोझरवर शेजारी चढूनच शाबासकी दिली होती. चेंडू मारणारा उभा राहतो त्या जागी कुणी पाय ठेवलाच नव्हता. उंटावरून शेळ्या हाकल्या, दुसरं काय!

मालक मात्र खूश. "पलीकडचं दिसत नाही, हीच तर गंमत! माहितगारालाच कळेल. आपले सभासद ह्याच्यासाठीच येतात."

"तोच माझा विचार होता," साहेब म्हणाले. खोटारडा मेला!

"साहेब, चूक माझी आहे," हे मालकांना म्हणाले. "आत्ता उतरवतो."

"हात लावायचा नाही. पलीकडे एक घंटा बसवू, हिरवळ मोकळी झाली की वाजवायची," मालक म्हणाले.

"भोकावर वाकलेल्या बाईने घंटा कधी वाजवायची?" ह्यांनी विचारलं.

मालकांचं हसू मावळलं. "पुढे खेळ. मशीन चालू केलंस, तर ह्या फाटकातून परत आत यायचं नाही."

ह्यांनी आठव्या झेंड्याकडे पाहिलं. मला वाटलं, जातात आता. खरं सांगते, गेले असते तर जन्मात माफ केलं नसतं.

ह्यांनी काठी अलगद गवतावर ठेवली आणि झाडामागे उभ्या डोझरकडे निघाले.

"अगं, झेंड्यापाशी जाऊन उभी राहा. सीटवरून मला कळायचं नाही."

मी जाऊन उभी राहिले. ह्यांनी एक थर खरवडला, उतरले, धावत मारायच्या जागी गेले, पाहिलं, परत आले. साहेब ओरडत होते. मालकांनी रखवालदाराला हाक मारली.

"केस दिसले!" हे पलीकडून ओरडले. पुन्हा मशीन धडधडलं. "तोंड दिसलं!"

रखवालदार धावत आला. त्याची बायको आमच्याच टोळीत. डोझरपाशी पोचला आणि खाली बसून बुटाची नाडी बांधायला लागला. ती काही केल्या बांधून होईना.

"कंबर!" मग पुन्हा मशीन, पुन्हा माती.

शेवटी हे त्या जागी जाऊन उभे राहिले आणि बोलेनातच. मालक तरातरा ह्यांच्याकडे येत होते. मी जीव खाऊन ओरडले, "अहो, पाय दिसले का?"

"दिसले," ह्यांचा आवाज चिरकला. "अगं, तू अनवाणी आहेस!"

मी खाली पाहिलं. चेंडू आला तेव्हा पळताना चपला कुठे उडाल्या, माझ्याही ध्यानात नव्हतं. आणि हे मालकांदेखत मटकन खाली बसले आणि लहान मुलासारखे रडायला लागले.