आजोबांसमोर लाजणारे बाबा

मी जर्मनीला निघाले त्या सकाळी अख्खी वाडी आमच्या अंगणात उभी होती. काकूने हातावर दही ठेवलं, आई गळ्यात पडून रडली. आणि बाबा? ते गाडीच्या डिकीतून त्याच बॅगा काढत होते, पुन्हा ठेवत होते. ओटीवर आजोबा बसले होते ना! आपल्या वडिलांदेखत पोरीला जवळ घेणं बाबांच्याने झालं नाही.

गावातल्यांनो, ही आपली रीत तुम्हाला काय सांगायची? वडीलधाऱ्यांसमोर आपलं पोर उचलायचं नाही, लाड करायचे नाहीत. मी अंगणात पडले की आजोबा धावायचे, काका धावायचे. बाबा गोठ्याकडे वळायचे. आई म्हणायची, "अगं, त्यांचा बाप बसलाय ना समोर. लाजतात ते." मला असला राग यायचा! कसली मेली लाज!

इथं हॅम्बुर्गला माझा नवरा लेकीला खांद्यावर घेऊन सुपरमार्केटभर नाचतो. कुणी वळूनही बघत नाही. सुरुवातीला किती मोकळं वाटलं! मग धुक्यातून ऑफिसला जाताना हळूहळू उमगत गेलं, की इथं मला कुणाची लाज वाटत नाही, कारण इथं माझं कुणी लागतच नाही. गावाकडून पांगलेल्या तुम्हालाही हे जाणवत असेल. चूक केल्यावर वाटते ती लाज वेगळी. बाबांची लाज म्हणजे बापासमोर आपण अजून लहानच आहोत, असं वाटणं. हे सगळं कळत होतं, तरी बाबांनी एकदा जवळ घ्यावं, एवढंच मला हवं होतं.

गेल्या दिवाळीत गावी गेले. निघायच्या दुपारी आजोबा तसेच ओटीवर. खळ्यातल्या भाताचा वास, सुपारीच्या झावळ्यांतून हलणारं ऊन, सगळं झोपेत बघितल्यासारखं. बाबा बॅगांकडे वळले, तोच आजोबा खेकसले, "आरं, किती वर्सं लाजशील? घे की पोरीला जवळ! मी न्हाय बघत, जा." आणि खरंच त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

बाबांनी मला जवळ घेतलं. मला रडू आवरेना, त्यांनाही.

थोड्या वेळाने भिंतीकडूनच आवाज आला, "झालं का रं?"

"न्हाय अजून," बाबा म्हणाले.

घर कुठं, असं इथं कुणी विचारलं की आता मला ती दुपारच आठवते. भिंतीकडे तोंड करून बसलेला एक म्हातारा, आणि त्याच्या पाठीमागे निर्लज्जासारखे रडणारे आम्ही दोघं.