बिनपेटीचा काकडा

मी देवावर रुसलो होतो, हे आधीच सांगून टाकतो. भाद्रपदात लकव्यानं माझा उजवा हात लुळा केला आणि कार्तिक तोंडावर आला. भंडाऱ्यात आमच्या विणकर मोहल्ल्यातल्या विठ्ठल मंदिरात तीस वर्षं काकड्याला पेटी मीच वाजवली होती. मला गाता येत नाही. लहानपणी बाबांनीच हसत सांगितलं होतं, तू तोंड मिटूनच भक्ती कर. त्यामुळे देवाशी माझं जे काही बोलणं व्हायचं ते बोटांनीच. तीच त्यानं काढून घेतली, मग आता बोलायचं कशानं?

भजनी मंडळाचे बुवा पेटी न्यायला घरी आले. पेटी माझी स्वतःची, पण वाजवायला त्यांना दुसरा कोणी मिळाला होता. भाता फाटला म्हणून मी धडधडीत खोटं बोललो. बुवा म्हणाले, "राहू दे गा. तू बरा होत वरी तबला नाई, झांजाही नाई. सारे बांधून ठेवतो." मंडळातलं माणूस आजारी पडलं की वाद्यं कापडात बांधायची, ही आमची जुनी रीत. मला मात्र तो टोमणाच वाटला.

काकडा सुरू झाला. मंदिर घरापासून चार पावलांवर, म्हणून पहाटे ओट्यावर बसून सगळं ऐकू यायचं. ऐकता ऐकता बाबांचे दिवस आठवायचे. तेव्हा गल्लीत घरोघरी माग होते, आणि मंडळाकडे पेटी नव्हतीच. बाबा माग चालवताना भजन म्हणायचे, शेजारचे काका पलीकडून तेच उचलायचे, आणि सगळी गल्ली एका सुरात यायची. ते लोक आपल्या गळ्याच्या जोरावर उभे होते. आम्ही पेटीवर टेकायला शिकलो, आणि आता टेकू नव्हता. बुवा बरोबर सुरू करायचे, पण दुसऱ्या भजनाला सूर वर सरकायचा, तिसऱ्याला बायकांचे गळे चिरकायचे. आणि खरं सांगतो, मला बरं वाटायचं. माझ्याविना कसं अडलं बघा!

असाच चौथ्या की पाचव्या दिवशी बसलो होतो. एक म्हातारी बाई, डोक्यावर गाठोडं, ओट्याशी थांबली. लाखांदूरकडून आली होती, कारध्याला वैनगंगेवर आंघोळीला निघाली होती. जरा वेळ ऐकून म्हणाली, "आवाज चांगले आहेत, पण सूर कोणी धरून नाई राहिला. आमच्या गावात बाया बिनपेटीच्याच गातेत. एकीनं हूं म्हणून सूर धराचा, बाकीच्यायनं त्यावर टेकाचं. तुमी काहून नाई जात, भाऊ?"

मी हात दाखवला. म्हटलं, "पेटीवाला होतो. गाता नाई येत मले."

"गा म्हणून कोन म्हणते? सूर कानात आहे ना? मंग हूं म्हणा. त्याले हात कायले लागते?"

ती मंदिराकडे चालू लागली आणि मी काठी टेकत तिच्या मागे. मंदिरात खांबाला टेकलो, डोळे मिटले आणि घशातल्या घशात पेटीवरच्या काळी दोन पट्टीचा सूर धरला. आवाज घोगरा, थरथरता. आधी कोणाचं लक्ष गेलं नाही. मग बुवा माझ्या सुरावर उतरले, बायका उतरल्या, आणि बाबांच्या वेळची ती गल्ली मला पुन्हा ऐकू आली. मी ढसाढसा रडलो, आणि आरतीनंतर बुवांना भात्याचं खोटंही सांगून टाकलं. ते म्हणाले, "माहीत होतं मले."

मागे वळलो तर बाई नव्हती. कोणी तिला ओळखतही नव्हतं. ती कोण होती याचा मी कीस काढत नाही. नदीवर जायची घाई असेल.

एरवीच्या भजनांना पेटी आता दुसरा वाजवतो, पण काकडा बिनपेटीचाच राहिला. मुलामुलींनी तो मोबाइलवर टिपून पाठवला, तेव्हापासून एकोडीपासून लाखांदूरपर्यंत बोलावणी येतात. कॉलेजची पोरंही निव्वळ गळ्यांची गाणी बसवतात आणि सूर कसा धरायचा ते शिकायला मंदिरात येतात.

माझा दम मात्र कमी झालाय. परवा भजनाच्या मध्येच श्वास संपला आणि मी थांबलो. वाटलं, आता सगळं कोसळणार. पण सूर तसाच चालू होता. शेजारच्या बाईनं तो धरला होता, तिच्यानंतर आणखी कोणी. देवा, एवढंच शिकायला मला माझा हात गमवावा लागला. मी श्वास घेतला आणि पुन्हा त्यांच्यात मिसळलो.