राउटरची पूजा

खंडेनवमीला दुकानातल्या हत्यारांची पूजा करताना मी राउटरवर पळीभर पाणी सोडलं. कॉम्प्युटरला नुसतं फूल, प्रिंटरला कुंकवाचं बोट. पण मेढ्यातल्या माझ्या ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात दोन्ही कॉम्प्युटर, प्रिंटर, अंगठ्याचं मशीन, सगळं त्या एका राउटरच्या जिवावर चालायचं. म्हटलं, घरच्या कर्त्याचा मान मोठा. राउटरचे दिवे दोनदा लुकलुकले आणि विझले.

एरवी हसण्यावारी नेलं असतं. पण बाकड्यावर वरच्या डोंगरातली एक मुलगी बसली होती. नर्सिंगच्या प्रवेशाचा फॉर्म, मुदत त्याच दिवशी पाचपर्यंत. यंदा नंबर लागला नाही तर लग्न, असं तिच्या घरात ठरलेलं. ती आदल्या दिवशीच आली होती. "आज गर्दी हाय, उद्या निवांत भरू," असं मीच तिला परत पाठवलं होतं.

"काका, व्हईल न्हवं?"

"न व्हायला काय झालं? असले छप्पन राउटर उघडल्यात मी!"

एकही उघडला नव्हता. मी तो पुसला, उन्हात ठेवला, घरून तांदळाचा डबा आणून त्यात पुरला. मोबाइलच्या नेटवर फॉर्म उघडला, तर डोंगराच्या आडोशाला रेंजची एकच काडी; फोटो अर्ध्यापर्यंत चढायचा आणि तिथंच बसायचा. साडेतीनला तिनंच दबकत विचारलं, "साताऱ्याला जायचं का?"

हे मला बारा वाजता, दिवे विझले तेव्हाच सुचायला हवं होतं. पण दुसऱ्याच्या दुकानात जायचं म्हणजे माझ्या दुकानाची अब्रू जाणार!

मोटरसायकलवरून साताऱ्यात पोहोचलो. पूजा करून निम्मी दुकानं बंद झालेली. एक उघडं सापडलं. सगळं भरून झालं, सहीचा फोटो तेवढा राहिला, आणि पडद्यावर मुदत संपल्याची ओळ आली. दुकानदारानं दोनदा बटण दाबून पाहिलं. तिसऱ्यांदा मी दाबलं, जसं काही माझ्या बोटाला वेगळा गुण होता.

परतीच्या वाटेवर ती मागं कागदांची पिशवी सांभाळत बसली होती. रडली असती तर मी काहीतरी बोललो तरी असतो. तिच्या गावच्या फाट्यावर उतरली आणि म्हणाली, "काका, तुमी लय धावपळ केली."

ती चढाच्या वाटेला लागली आणि मी गाडी तशीच घराकडे वळवली.

बायकोनं सगळं ऐकून घेतलं. मी चपला काढायला वाकलो, तशी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या पायात. आवं, घरच्यास्नी ती पोर एकटी काय सांगंल? जावा, तुमी सांगा चूक कुणाची ते."