लेथची जप्ती

हणमंतरावांची वकिली कधी गाजली नाही. बनशंकरीतल्या घराच्या पुढच्या खोलीत ते पक्षकाराला आधी कॉफी देत, मग कागद मागत. या खेपेचा पक्षकार होता रणजीत. व्याजाने पैसे देई. गिरीराजकडून त्याची बाकी वसूल होत नव्हती. म्हणून गिरीराजचा लेथ जप्त करायचा होता.

जप्ती बजावणाऱ्या कोर्टाच्या अमिनाबरोबर हणमंतराव पीण्या औद्योगिक वसाहतीत गेले. आयुधपूजा, म्हणजे आपली खंडेनवमी, नुकतीच झालेली. पत्र्याची शेड, आत एकच लेथ. त्याला गंधाचे पट्टे, सुकलेला शेवंतीचा हार. गिरीराजने विनवण्या केल्या नाहीत.

"अण्णा, स्वल्प थांबा," तो म्हणाला. "हार उतरवतो. पूजेच्या हारासकट कुठं नेता?"

हणमंतरावांनी अमिनाला त्या दिवशी परत फिरवलं.

गिरीराजने कोर्टात हरकत घेतली. न्यायाधीशांनी हणमंतरावांनाच विचारलं, हा कारखाना आहे का? मागून रणजीत पुटपुटला, "हो म्हणा."

हणमंतराव म्हणाले, "नाही, साहेब. लेथ तो स्वतः चालवतो. पोटाचं हत्यार आहे ते."

कारागिराचं हत्यार कायद्याने जप्त होत नाही. लेथ वाचला.

बाहेर रणजीत रागावला नाही. हणमंतरावांना तेच खटकलं.

"पुण्य लागलं, अण्णा, तुम्हाला."

"दुसरा वकील बघ, रणजीत."

"वकील कशाला आता?" तो हसला. "तुमच्यासाठी म्हणून कोर्टात आलो. सरी, ठीक आहे, झालं कोर्ट. आता त्याचं नि माझं."

दुसऱ्या दिवशी सकाळी हणमंतरावांच्या फाटकासमोर कोहळा फोडलेला होता. आतलं कुंकू पार पायरीपर्यंत उडालेलं. त्यांच्या पत्नी मथुराबाई झाडू घेऊन उभ्या राहिल्या.

"आयुधपूजेचे कोहळे फुटून महिना झाला की हो. आता कुणी दृष्ट काढली आपली?"

हणमंतरावांना रणजीतचं कालचं हसू आठवलं. आत येऊन त्यांनी गिरीराजला फोन लावला. वाजत राहिला. परत लावला. मग चपला घालून त्यांनी रिक्षा थांबवली.

गिरीराजच्या शेडचं शटर अर्धं वर होतं. आतून लेथचा आवाज येत होता. त्यांच्या जिवात जीव आला. काम चालू आहे म्हणजे पोरगा आहे.

ते वाकून आत गेले.

"गिरीराज?"

लेथ फिरत होता. दाराशी त्याच्या चपला होत्या. गिरीराज कुठेच नव्हता. लेथ तसाच फिरत राहिला, आणि हणमंतरावांना तो बंद कसा करतात हेही ठाऊक नव्हतं.