कोदोची बिस्किटं आणि माझं टेबल

आमच्या कॉलनीत म्हणतात की मी नववीतल्या पोरीला बालाघाटच्या बस स्टँडवर बिस्किटं विकायला उभं करतो. खरं आहे, करतो. यावर ज्यांना बोलायचं असेल त्यांनी बोलावं. पण त्याआधी मी काय केलं होतं, तेही त्यांनी ऐकून घ्यावं, कारण तेव्हा मला कोणीच नावं ठेवली नव्हती.

मुलगी शाळेतल्या मुलींच्या गाइड पथकात आहे. पथकाचे तंबू फाटले होते, म्हणून त्यांच्या मॅडमनी ठरवलं की मुलींनी बिस्किटं विकून नवे घ्यायचे. बिरसा गावाकडून कोदोचं, म्हणजे आमच्याकडच्या भरड धान्याचं, पीठ आलं. तूप, गूळ आणि थोडी कणीक प्रत्येक घरानं दिली. दिवाळीआधी आपण नेतो तसं ते सगळं सामान भट्टीवर नेलं आणि मजुरी देऊन बिस्किटं भाजून घेतली. त्या रांगेत डबे सांभाळत मी दुपारभर बसलो होतो. आईबापानं तेवढंच करायचं असतं, हे तेव्हा मला कळलं नाही. प्रत्येक मुलीला वीस पुडे मिळाले आणि आमच्या घरी चर्चा सुरू झाली.

"आपली पोरगी दारोदार 'बिस्किट घ्या' म्हणत फिरन?" बायको म्हणाली. "तुमच्या टेबलावर ठेवा न. दिवसभर माणसं येतात."

माझा मोठा भाऊ बाजूलाच राहतो. सरकारी नोकरीतूनच रिटायर झालेला. तो म्हणाला, "टेबल काहून देलं तुले सरकारनं? दोन दिवसात संपतीन."

मुलगी म्हणाली, "पण मॅडमनी आम्हाला विकायला सांगितले, पापा." मी तिच्या हातातून पिशवी घेतली. "तू अभ्यास कर."

मध्य प्रदेशातल्या या जिल्ह्याच्या कचेरीत मी बाबू आहे आणि माझ्या टेबलावर जमिनीच्या नामांतरणाचे अर्ज येतात. बाप गेला, जमीन मुलाच्या नावावर करायची, असे. माणसं बिरसा, मलाजखंडकडून दोन बस बदलून येतात आणि माझ्यासमोर उभी राहतात. बसायला खुर्ची आहे, पण बसत नाहीत. मी पुडे टेबलाच्या कोपऱ्यावर मांडले. कोणालाही 'घ्या' म्हटलं नाही. नजर गेली की एवढंच म्हणायचो, "बच्ची के स्कूल का है." माझं वाक्य संपायच्या आत त्यांचा हात खिशात गेलेला असायचा.

मी सत्तावीस वर्षं नोकरीत पैसे खाल्ले नाहीत. हे मी फार लोकांना सांगितलेलं आहे. त्या आठवड्यात मात्र हात खिशात जाताना मी बघत होतो आणि मला वाटत होतं, लोक किती चांगले आहेत.

दोन दिवसांत वीस पुडे संपले. मी आणखी वीस मागवले, तेही संपले. मॅडमनी मुलीला वर्गापुढे उभं केलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिच्याकडे विकायला काही उरलंच नव्हतं. म्हणून शनिवारी ती दोन मैत्रिणींबरोबर त्यांचे पुडे विकायला बस स्टँडवर गेली.

तिथं बाकावर एक म्हातारा बसची वाट बघत बसला होता. मैत्रिणीनं त्याच्यापुढे पुडा धरला. त्यानं पिशवीतून तसेच तीन काढून दाखवले.

"ये तो हम ले चुके, बेटी. बाबू के यहाँ."

"इतने सारे? अच्छे लगे क्या?"

"अच्छे-बुरे की बात नहीं. हमारा कागज़ है उनके पास. लेना पड़ता है."

मैत्रिणीनं मुलीकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "तेरे पापा हैं ना?" माझी मुलगी म्हणाली, "हौ."

घरी येऊन तिनं पथकाचा स्कार्फ काढून माझ्यासमोर ठेवला आणि हे सगळं एका दमात सांगितलं. "मी आता पथकात जात नाही. माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या त्यांनी. मी एक पुडा विकला नाही आणि तुम्ही पण नाही विकला. लोकांनी घाबरून घेतले."

"तंबू तर येऊन राह्यले न," बायको म्हणाली.

मी म्हटलं, चाळीस पुड्यांचे पैसे मी भरतो. ती म्हणाली, "मॅडमला नाही. ज्यांनी घेतले त्यांना परत करा."

तिच्या वर्णनावरून म्हातारा कोण ते मला लगेच कळलं. त्याचा अर्ज पूर्ण होता, फक्त माझी टीप लिहायची बाकी होती, आणि ती बाकी ठेवायला काहीच कारण नव्हतं. रविवारी त्याच्या गावी जायला मी बिरसाच्या बसमध्ये बसलो. मुलगी म्हणाली, मी पण येते. स्कार्फ तिनं घरीच ठेवला होता.

म्हाताऱ्यानं आम्हाला अंगणात खाट टाकून दिली, नातवाला चहाचं सांगितलं. मी पैसे काढून त्याच्यापुढे धरले आणि म्हटलं, बिस्किटांचे परत घ्या. तो माझ्या हाताकडे बघत राहिला. मग आत गेला आणि आणखी दोन नोटा घेऊन आला.

"कम था क्या, बाबूजी?"

मुलीसमोर कोणी मला याहून वाईट काही म्हटलेलं नाही. आणि तो बिचारा मला काहीच म्हणत नव्हता. मी "नहीं, नहीं" करत राहिलो आणि मी जितकं नाही म्हणावं तितका तो घाबरत गेला. त्याला वाटलं, आता काम गेलंच. मी सांगितलं की कागद उद्या होईल, घ्या किंवा नका घेऊ. त्यानं मान हलवली. विश्वास काही ठेवला नाही.

शेवटी मुलगीच पुढे झाली. "काका, बिस्कुट बेचने का काम मेरा था, पापा का नहीं. लेना हो तो मुझसे लो. नहीं लेना हो तो मत लो."

त्यानं तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत तिच्याकडे. "सच बोलूँ? नाराज़ तो नहीं होगी?"

"नहीं."

"तो नहीं लेते. कोदो तो हमारे घर रोज़ बनता है, बेटी. खरीद के कौन खाता है? नाती को दिया, वो भी आधा छोड़ के भाग गया."

मुलगी खळखळून हसली. म्हातारा पण हसला. पैसे त्यानं घेतले आणि उरलेले दोन पुडे तिच्या हातात दिले. येताना बसमध्ये ती म्हणाली, "पापा, पहिल्यांदा कोणी मला नाही म्हटलं."

सोमवारी मी त्याची टीप लिहिली. बाकीच्यांकडे पंधरा दिवस फिरलो. काहींनी पैसे घेऊन पुडे परत दिले, काहींनी पैसे घेतलेच नाहीत, एकजण मला बघून शेताच्या वाटेनं निघून गेला. ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं विचारलं, "बिस्किटं परत आणायला कोण जातं, बाबूजी? आमचं नाव काहून खराब करता?" मी म्हटलं, तुमच्या पोरांचं काही टेबलावर ठेवाल तर मी सगळ्यांसमोर जाब विचारीन. तेव्हापासून माझ्याबरोबर चहाला दोघंच येतात. चालतं.

परत आलेले वीस पुडे घेऊन मुलगी बस स्टँडवर उभी राहिली, स्कार्फ घालून. मी समोरच्या पानटपरीजवळ, तिनं सांगितलं तेवढ्या लांब. पहिल्या रविवारी अकरा गेले. बायको म्हणाली, उरलेले नऊ आपणच घेऊ. मी घेतले नाहीत आणि तिलाही घेऊ दिले नाहीत. दोन दिवस घरात अबोला होता.

भाऊ म्हणाला, "नऊच आहेत न? मले पाठवून दे. पोरीले उन्हात काहून उभी करतं?"

"दादा, पाहिजे असतील तर स्टँडवर या. ती देईल."

पुढच्या रविवारी तो खरंच आला, स्कूटरवरून न उतरता. मुलीनं पुडा पुढे धरून भाव सांगितला.

"काकाले पण तोच भाव?"

"हौ, काका. तोच."

"आणि नाही घेतला तर?"

"तर नका घेऊ," ती म्हणाली आणि त्याच्यामागे बसमधून उतरणाऱ्या बाईकडे वळली.