नळीतलं जेवण

माझं तोंड फाटकं आहे, हे आमच्या वॉर्डात कुणालाही विचारा. लकव्याचे आणि डोक्याला मार लागलेले पेशंट सांभाळायचे, तर गोड बोलून भागत नाही. पेशंटपेक्षा भेटायला येणाऱ्यांवरच जास्त ओरडावं लागतं. कोणी नारळपाणी पाजायला बघतो, कोणी अंगारा लावतो, आणि खाट दिसली की सगळे तिच्यावर टेकतात.

वडनेर भोलजीचे एक बाबा आले होते. लकव्यानं उजवा हात-पाय गेलेला, बोलणं बंद. समजायचं सगळं, पण शब्द निघत नव्हता. चमचाभर पाण्यानंही ठसका लागायचा, म्हणून नाकातून पोटात नळी टाकली होती. दर दोन-तीन तासांनी मी नळीतून दूध नाहीतर भाताची पातळ पेज सोडायची. डाव्या हाताला सवय लागावी म्हणून त्या हातात चमचा दिला की बाबा तो टाकून द्यायचे. डाव्या हातानं अन्नाला शिवायचं नाही, हे त्यांच्या हाडात मुरलेलं.

सोबत त्यांची बायको. वाळकी, डोक्यावरचा पदर कधी न ढळणारी. मुलगा सकाळी डबा ठेवून शेतावर परत जायचा. तिला मी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "माय, तोंडानं काईच द्यायचं नाई. थेंबभर पानीबी नाई. फुप्फुसात गेलं त माणूस हातचा जाईन."

"हाव बाई," ती म्हणाली होती.

आणि चौथ्या दिवशी दुपारी मी पलीकडच्या पेशंटची कूस बदलत होते, तर मागून घरघर ऐकू आली. वळून पाहते तो बाबांचे ओठ निळे पडलेले, आणि तिच्या हातात वाटी. वाटीत दुधात चुरलेली भाकर! मी धावले. बाबांना कुशीवर घेतलं, मशीननं घशातलं सगळं ओढून काढलं. श्वास परत आला. मग माझं तोंड सुटलं.

"अक्कल गहान ठेवली का वं? जीव घेतं का त्यायचा? कितीदा सांगतलं तुले!"

ती उभ्या उभ्या खाली कोसळली. बीपी पाहिलं, पार उतरलेलं. शेजारच्या पेशंटची आई म्हणाली, "सिस्टर, त्यायनं चार दिवसापासून काईच नाई खाल्लं. नुसता चहा पेतात. डबा आमालेच देऊन टाकतात."

"काऊन वं माय?" ती भानावर आल्यावर मी तिला विचारलं.

"हे जेवल्याबिगर मी कधी जेवली नाई बाई. लगन झाल्यापासून नाई."

"अवं, ते दिवसातून सहा-सात खेपा जेवून राह्यले ना! नळीतून काय मी हवा सोडते का?"

"नळीतलं काय जेवन असते? ताट नाई, घास नाई, चव नाई." तिला रडू फुटलं. "म्हनलं, ह्यायच्या तोंडात दोन घास गेले त मीबी खाईन. मले चकरा येऊन राह्यल्या होत्या. मी पडली त ह्यायच्यापाशी कोन बसीन?"

मला फार लाज वाटली. बाबांच्या पोटात किती दूध गेलं ते मी रोज लिहीत होते, आणि त्याच खाटेपाशी बसलेल्या बाईच्या पोटात काय गेलं, हे एकदाही विचारलं नव्हतं.

बाबांचा श्वास ठीक झाल्यावर खाट डोक्याकडून उचलून मी त्यांना बसतं केलं. नळीतून पेज सोडली आणि तिचा डबा उघडून त्यांच्या मांडीवर ठेवला.

"बाबा, तुमी जेवले. अन् ही चार दिवसाची उपाशी हाय. तुमीच सांगा आता तिले."

बोलून गेले आणि जीभ चावली. ज्यांचं बोलणंच गेलं, त्यांना मी सांगा म्हणत होते!

बाबा तिच्याकडं बघत राहिले. मग त्यांचा डावा हात हलला. एका हातानं भाकरी तुटेना. ती मांडीशी दाबून त्यांनी कसाबसा तुकडा मोडला आणि तिच्यासमोर धरला.

"मायबाई! डाव्या हातानं?" तिनं पदर तोंडाशी नेला. "लोकं पाहून राह्यले ना."

सगळा वॉर्ड बघत होता. तरी बाबांनी हात खाली घेतला नाही. शेवटी तिनं घास घेतला. चावता चावता ती रडत होती, आणि बाबा दुसरा तुकडा मोडत होते.

त्या दुधभाकरीनं बाबांना ताप आणलाच. दोन दिवस छाती वाजत होती आणि माझा जीव टांगणीला. पण उतरला बुवा ताप. पुढं घशाचा व्यायाम, चमच्यानं पाणी देऊन गिळण्याची तपासणी, असं करत पंधरा-वीस दिवसांनी डॉक्टरांनी नळी काढली.

पहिलं जेवण म्हणून मुलानं घरून ज्वारीच्या मऊ कण्या आणल्या. मी बाबांना ताठ बसवलं आणि चमचा डाव्या हातात दिला. त्यांनी तो भरला आणि सरळ बायकोसमोर धरला.

"आता त तुमी खा आंधी," ती म्हणाली.

बाबांनी ओठ गच्च मिटून घेतले. मी समजावलं, मुलानं हात जोडले, पण ते हटून बसले.

"अवं माय, खाऊन घे वं!" मी ओरडले. "तुह्यासाठी थांबले ते!"

तिनं खाल्लं. तेव्हा कुठं बाबांनी तोंड उघडलं.